सावलीतली बाग आणि दुरंगी पानांची झाडं : पुण्यात कोणाची टिकली आहेत?

अंगणवेल | १४ एप्रिल

सहकारनगरमध्ये आमची जुनी तीन मजली इमारत आहे. तिच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, साडेचार फूट रुंद आणि साधारण चाळीस फूट लांब असा मातीचा पट्टा आहे. एका बाजूला इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला छातीइतकी उंच कंपाउंड वॉल, पूर्वेच्या टोकाला शेजारच्यांचा आंबा, पश्चिमेला रस्त्यापर्यंत मोकळं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी इथेच उघडते, त्यामुळे दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ माझ्यासमोर हीच जागा असते. सासूबाईंना तिथे बाग व्हावी असं फार वाटायचं. त्या गेल्या, आणि त्यानंतर वर्षभरात मी तिथल्या मोडक्या सायकली, फरशीचे तुकडे, सगळं उचलून घेतलं.

आधी गुलाब लावले, मग जास्वंद, मग शेवंती. उन्हाशिवाय काही झालं नाही. एकदा जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले होते, तिथे मोठ्या झाडांखाली पांढऱ्या-पिवळ्या पानांच्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. फुलं एकही नाही, पण तो अंधारा कोपरा दिवा लावल्यासारखा दिसत होता. तेव्हाच ठरवलं की आपल्याकडे हेच.

आता माझ्याकडे आहे ते असं. पांढऱ्या कडांचा अरेलिया सात रोपं, पिवळ्या छटांचा शेफ्लेरा तीन, सॉन्ग ऑफ इंडिया दोन, व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांची, तगर एक, आणि खाली कडेने स्पायडर प्लांट. चौथं वर्ष आहे. जून ते मार्च सगळं छान असतं. एप्रिल संपत आला की पश्चिमेच्या टोकापासून जळायला सुरुवात होते. आधी टोकाचे तीन अरेलिया, मग हळूहळू आत. गेल्या वर्षी मी एक पान हातात घेऊन नीट बघितलं. मधला हिरवा भाग जिवंत, ताजा. कडेची पांढरी झालर मात्र कांद्याच्या सालीसारखी, हात लावला की चुरा. हिरवं आणि जळकं यांच्यामधली रेघ इतकी स्वच्छ की कात्रीने कापल्यासारखी.

नर्सरीवाले म्हणाले, पाणी कमी पडतंय. मी दोन वेळा घालायला लागले, तर एक शेफ्लेरा मुळातून कुजला. पूर्ण सावली आहे हो, ऊन तिथे येतच नाही! मग जळतं कशाने? ज्यांची अशी उत्तरेची बाग आहे त्यांनी कृपया सांगा. या उन्हाळ्यात ती झाडं पुन्हा तशी बघवणार नाहीत.

खुरपं | १४ एप्रिल

ताई, पाणी वाढवू नका. सावलीतल्या मातीचं पाणी उन्हातल्या मातीच्या निम्म्यानेही उडत नाही. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

दोन प्रश्न. पाणी बोअरचं की कॉर्पोरेशनचं? आणि पानं टोकाकडून जळतायत की पांढऱ्या भागात कुठेही? टोकं तपकिरी होत असतील तर क्षार. पांढऱ्या भागात मोठे चट्टे असतील तर ऊन. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

अंगणवेल | १४ एप्रिल

बोअरचं. सॉन्ग ऑफ इंडियाची टोकं तपकिरी होतात, ती तर वर्षभर. अरेलियाचं मात्र अख्खी पांढरी कड जाते, आणि तेही फक्त उन्हाळ्यात. पण ऊन नाहीच तिथे.

खुरपं | १४ एप्रिल

मग तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. सॉन्ग ऑफ इंडिया म्हणजे ड्रेसिना, आणि ड्रेसिनाला पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत. पाणी पानाच्या टोकापर्यंत जातं, तिथून उडतं, क्षार मागे राहतात, टोक जळतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते ना, तेच. पावसाळ्यात पिंपात छपराचं पाणी धरून ठेवा, तेवढं या दोन झाडांना पुरतं. कॉर्पोरेशनचं मिळालं तरी बोअरपेक्षा बरं. सॉफ्टनरचं पाणी मात्र चुकूनही घालू नका, त्यात सोडियम असतं.

अरेलियाचं तुमचं वर्णन सरळ ऊन लागल्याचं आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, आणि कडक उन्हापासून पेशी वाचवणारी रंगद्रव्यंही तिथे कमीच असतात. म्हणून तो भाग आधी भाजतो आणि हिरवा वाचतो. तुम्ही म्हणता ऊन नाही. पान म्हणतंय आहे. मी पानाचं ऐकतो.

मध्यान्ह | १५ एप्रिल

मला बागकामातलं फार कळत नाही, पण हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, कारण याचं उत्तर आकाशात आहे.

अंगणवेल, तुमचा पट्टा उत्तरेला आहे म्हणून तो भरदुपारी वर्षभर सावलीत असतो, हे कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी खरं आहे. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे दरवर्षी मेच्या मध्याला, १३ मेच्या आसपास, भरदुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. तो आपला शून्य सावली दिवस. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! म्हणजे ते अडीच महिने इमारतीची उत्तरेची भिंत उन्हात आणि दक्षिणेची सावलीत.

तुमची इमारत दहा मीटर उंच धरतो. २१ डिसेंबरला भरदुपारी तिची सावली उत्तरेकडे नऊ मीटर पडते, म्हणजे तुमचा पट्टा, भिंत आणि शेजारच्यांचं अर्धं अंगण झाकून. २१ जूनला तीच सावली दक्षिणेकडे जेमतेम पावणेतीन फूट पडते. तुमच्या झाडांवर काहीच नाही.

आणि १३ मेपर्यंत थांबायचीही गरज नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. दुपारी तो दक्षिणेला असतो, पण संध्याकाळकडे कधीतरी पश्चिम ओलांडून उत्तरेला सरकतो. ती वेळ रोज थोडी अलीकडे येते. आज, १५ एप्रिलला, साधारण साडेचारला. १ मेला तीनला. मग १३ मेला भर दुपारी. तुमचं पश्चिमेचं टोक मोकळं आहे म्हणालात, म्हणून तिथून जळायला सुरुवात होते. सकाळीही हेच उलट बाजूने होतं, पण तिकडे आंबा आहे आणि सकाळचं ऊन सौम्य असतं.

पुढची गंमत म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि ढग तुमच्या झाडांवर छत्री धरतात. म्हणून मेचा शेवट आणि जूनची सुरुवात हाच सगळ्यात घातक काळ. ऑक्टोबरच्या उन्हाने तुमची झाडं जळत नसणार, कारण तोवर सूर्य दक्षिणेला गेलेला असतो. बरोबर आहे का?

अंगणवेल | १५ एप्रिल

अगदी बरोबर! ऑक्टोबरमध्ये कधीच काही होत नाही. मी हे वाचून तशीच मागे गेले. साडेचार वाजून गेले होते. पश्चिमेच्या टोकाला पहिल्या अरेलियाच्या शेंड्यावर ऊन होतं. चार वर्षं रोज या खिडकीत उभी राहते आहे, पण साडेचारला मी चहा घेऊन पुढच्या खोलीत बसलेली असते, म्हणून ते मला कधी दिसलं नाही. खूप खूप आभार.

नवीमाळीण | १६ एप्रिल

किती सुंदर माहिती! मी कर्वेनगरला नवीन राहायला आले आहे, तळमजला, खिडकीखाली छोटी जागा. एक साधा प्रश्न. सावली किती आहे हे कसं मोजायचं? मोबाइलवरचं लाइट मीटरचं ॲप खरं सांगतं का?

खुरपं | १६ एप्रिल

ॲपने दोन जागांची तुलना होते, खरा आकडा मिळेलच असं नाही. मी हाताने बघतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास पांढरा कागद जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या फूटभर वर हात धरायचा. हाताची सावली काळी, रेखीव पडली तर भरपूर उजेड. कडा पुसट पण बोटं मोजता आली तर मध्यम सावली, दुरंगी पानांना ही सगळ्यात चांगली. सावली दिसलीच नाही तर ती गडद सावली, तिथे दुरंगी झाडं लावू नका. हिरवी लावा.

हे नीट समजून घ्या, कारण नर्सरीत उलटं सांगतात. "व्हेरिगेटेड म्हणजे सावलीचं झाड" असं काही नसतं. त्याच जातीच्या साध्या हिरव्या झाडापेक्षा दुरंगी झाडाला उजेड जास्तच लागतो, कारण अर्ध्या पानात स्वयंपाक होत नाही. हिरव्या भागाने रांधायचं आणि पांढऱ्या भागानेही जेवायचं. भाजतं मात्र तेच आधी. म्हणून त्याला हवा भरपूर उजेड, पण थेट ऊन नको, किंवा सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन.

धुकंगाव | १६ एप्रिल

मी यॉर्कशायरमध्ये राहते, माहेर सदाशिव पेठ. आमच्याकडे उत्तरेची बाग म्हणजे भरदुपारी खरोखरच वर्षभर सावली, वरचं वाचल्यावर आत्ता लक्षात आलं का ते. इथे अशा जागी हमखास ऑक्युबा लावतात. हिरव्या चकचकीत पानांवर पिवळे ठिपके, जणू कोणी हळदीचं पाणी शिंपडलंय. बर्फात, धुरात, भिंतीआड, कुठेही जगतं.

त्याची गोष्ट मला फार आवडते. ऑक्युबा मूळचा जपानचा. १७८३ मध्ये तो इंग्लंडात आला, पण आलं ते ठिपक्यांचं मादी झाड, आणि पुढे त्याच्याच फांद्या लावून सगळीकडे झाडं केली. म्हणजे सगळ्या माद्याच. या झाडाला लालभडक फळं येतात हे इंग्लंडातल्या बागांनी जवळपास ऐंशी वर्षं पाहिलंच नाही. १८६१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यूनने जपानहून नर झाड आणलं तेव्हा कुठे फळं धरली. हा तोच फॉर्च्यून, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणली. माझ्या मागच्या दारातलं झाड आत्ता फळांनी भरलं आहे.

पुण्यात मिळतो का हा?

अंगणवेल | १७ एप्रिल

मी हाच मागवला होता! व्हिडिओंमध्ये बघून फार मन गेलं होतं. ऑनलाइन "गोल्ड डस्ट" नावाने घेतला, आला तो क्रोटन. सहा महिन्यांत पानं गळून नुसती काठी राहिली.

खुरपं | १७ एप्रिल

ऑक्युबाला थंडी लागते आणि आपला एप्रिल-मे त्याला झेपत नाही. त्याची एक बहीण सिक्कीम-दार्जिलिंगकडे रानात आहे, यावरून हवा ओळखा. पुण्यात नाद करू नये.

"गोल्ड डस्ट" या नावाखाली तीन झाडं विकतात. एक ऑक्युबा, तो इथे बहुधा नसतोच. दुसरा ठिपक्यांचा क्रोटन, पानं जाड, चामड्यासारखी, एकाआड एक. रंग टिकायला त्याला चांगला उजेड लागतो, सावलीत तो उघडाबोडका होतो, तुमचं तेच झालं. तिसरा ड्रेसिना, मूळ पश्चिम आफ्रिकेचा. काड्या बारीक, बांबूसारख्या, पानं दोन-दोन तीन-तीनच्या झुपक्यात आणि त्यावर मलईच्या रंगाचे शिंतोडे. तुम्हाला हवा तो हा. सावलीत मजेत राहतो, कमरेइतका वाढतो. लोणी काळभोर, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत हिंडलात तर मिळेल. नाव सांगू नका, पान बघून घ्या.

शिंजीर | १८ एप्रिल

धागा आवडला, तरी एक वेगळं मत मांडतो, कोणी वाईट वाटून घेऊ नये. अरेलिया, शेफ्लेरा, ड्रेसिना, सगळी बाहेरची. दिसायला छान, पण फुलपाखरांना त्यांचा काही उपयोग नाही. चाळीस फूट जागा पुण्यात आता किती जणांकडे उरली आहे? तिथे कुंती लावा, अडुळसा लावा, कढीपत्ता लावा. कुंती आणि कढीपत्ता अर्ध्या सावलीत होतात आणि त्यावर कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. एखादं ईडलिंबू लावलंत तर राणी पाकोळीही येईल. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, आणि पावसाळ्यात पुण्यातल्या बागांमधून ते सहज फिरताना दिसतं.

तुमच्याकडच्या झाडांत एकच माझ्या जवळचं आहे, ते तगर. त्यावर ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या येतील. बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. ती मारू नका. दोन आठवडे पानं खाते आणि मातीत उतरते, तगर पुन्हा फुटतं. पतंग बघाल तर हिरव्या संगमरवराचा केल्यासारखा असतो.

अंगणवेल | १८ एप्रिल

वाईट कशाला वाटेल? तुमचं पटतंय. ती अळी मी गेल्या श्रावणात पाहिली होती आणि साप समजून मागे सरले होते. मारली नाही, हे आता वाचून बरं वाटलं.

पण दुरंगी झाडं मी काढणार नाही. त्या खिडकीत सकाळी सहाला मी एकटी असते. पावसाळ्यात तर बाहेर सगळं काळपट असतं, आणि तेवढी पांढरी पानंच काय ती दिसतात. मला त्यांची सोबत होते. तुमची झाडं मात्र यांच्या जोडीने लावायला जागा शोधते.

खुरपं | १८ एप्रिल

जागा तर तुम्हाला मध्यान्हांनीच दाखवली आहे. पश्चिमेचं मोकळं टोक. तिथे दुरंगी काही ठेवूच नका. कुंतीची तीन रोपं दाट लावा. दोन-तीन वर्षांत सहा-सात फुटांचा हिरवा आडोसा होईल आणि तिरपं ऊन तीच अडवेल. कुंतीला ऊन आवडतं, फुलंही त्यानेच येतात. शिंजीर यांचं फुलपाखरू आणि तुमचा अरेलिया, दोघांचं भागेल. तोवर १५ एप्रिल ते पहिला मोठा पाऊस, पश्चिमेच्या पंधरा फुटांवर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी बांधा. १३ मेनंतर भरदुपारचं ऊन वरून येईल, तेव्हा जाळी उभी नको, आडवी, झाडांच्या वर दोन-तीन फुटांवर. पानांना टेकवू नका, जाळी तापते.

कुंती पावसात लावा, आत्ता नको. खड्डा दीड फूट खोदा आणि काय निघतं ते इथे सांगा.

अंगणवेल | २ मे

उशीर झाला, मुलीकडे गेले होते. हिशोब देते.

१८ एप्रिलपासून मी फरशीच्या कडेला खडूने रेघा मारते आहे. ऊन पहिल्यांदा पट्ट्यात शिरलं की रेघ आणि वेळ. १८ तारखेला सव्वाचार. मध्ये आठ दिवस मी नव्हते, तेव्हा नातवाने मारल्या, त्याच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ आहेत. आज तीनला दहा मिनिटं कमी. मध्यान्ह, तुमचा हिशोब मिनिटाला बरोबर निघाला. बिल्डिंगमधली चार मुलं आता रोज तीनच्या सुमारास येऊन बसतात.

जाळी बांधली. फक्त एक अरेलिया जाण्याआधीच भाजला होता, बाकी स्वच्छ.

खड्ड्यातून माती निघालीच नाही म्हटलं तरी चालेल. वर वीतभर लाल माती, खाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक अख्खा नळ. मग मुरूम.

खुरपं | २ मे

पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या बागा अशाच राडारोड्यावर उभ्या आहेत. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो, माती विम्लधर्मी (अल्कलाइन, आम्लाच्या उलट) होते, आणि मग लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तेच समजा. दीड फुटापर्यंत सगळं उपसून टाका. पोयटा दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, पालापाचोळ्याचं खत एक भाग, खड्ड्यामागे दोन मुठी निंबोळी पेंड. शेजारच्या आंब्याचा पाला जाळू देऊ नका, मागून घ्या आणि झाडांखाली चार बोटं जाड पसरा. खोडाला मात्र टेकवायचा नाही.

नवीमाळीण | ५ मे

खुरपं दादा, "नवी पानं पिवळी" वाचून विचारते. माझ्या साध्या जास्वंदीची पानं आपोआप पिवळ्या ठिपक्यांची व्हायला लागली आहेत. मला वाटलं व्हेरिगेटेड होतेय आणि मी खूश होते. पण काही पानं आक्रसलेली पण आहेत.

खुरपं | ५ मे

आक्रसलेली आहेत म्हणजे बहुधा विषाणू. भेंडीवर पिवळा मोझॅक येतो तशातला प्रकार. पानामागे पांढरी माशी आहे का बघा, पान हलवलं की भुरकन उडते. रोगट फांद्या काढून टाका, सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका, आणि त्या झाडाचं कटिंग कोणाला देऊ नका. पंधरा दिवसांत नवी पानंही तशीच आली तर झाड काढा.

तुमचा समज मात्र अगदीच चुकीचा नाही. पिवळ्या चट्ट्यांचं अब्युटिलॉन नावाचं एक झुडूप बागांमध्ये मुद्दाम लावतात, त्याचे चट्टे विषाणूमुळेच असतात. पण अरेलिया, शेफ्लेरा, तगर यांचं दुरंगीपण रोग नाही. शेंड्याच्या कोंबात पेशींचे थर असतात, त्यातल्या एका थराला हरितद्रव्य करताच येत नाही. तो थर पानाच्या ज्या भागात जातो तो भाग पांढरा. म्हणून अशा झाडाची फांदीच लावावी लागते, बी लावलं तर दुरंगी येत नाही.

तिसरा_मजला | ५ मे

अच्छा, म्हणून का! आमच्या जाऊबाईंनी पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं एक पान कापून बारा तुकडे लावले. बाराही जगले आणि बाराही साधे हिरवे आले. त्यांना वाटलं खत कमी पडलं.

खुरपं | ५ मे

खताचा संबंध नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब आतल्या पेशींपासून येतो, पिवळ्या कडेचा थर त्यात येतच नाही. त्याचं मुळाशी असलेलं पिल्लूच वेगळं करून लावायचं.

आणि याच कारणाने अंगणवेल ताई, शेफ्लेरावर लक्ष ठेवा. कधीतरी एखादी फांदी अख्खी हिरवी फुटते. छान टवटवीत दिसते, म्हणून लोक ठेवतात. तिच्यात स्वयंपाकाची ताकद दुप्पट, ती बाकीच्यांना मागे टाकते आणि तीन वर्षांत सगळं झाड हिरवं. दिसताक्षणी जिथून फुटली तिथूनच, खोडालगत काढायची. नुसता शेंडा खुडला तर दोन फुटतात.

तिसरा_मजला | ६ मे

एक सावधगिरीचं सांगायला हवं, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सावलीसाठी हमखास सुचवतात ते डायफेनबेकिया घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नको. पानात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात. आमच्या मांजरीने पान चावलं, तोंड सुजलं, लाळ थांबेना, रात्री डॉक्टरकडे धावलो. वाचली. शेफ्लेरा आणि ड्रेसिनाही मांजरांनी खाऊ नयेत. तगरीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

अंगणवेल | १४ मे

काल दुपारी साडेबाराला बिल्डिंगमधली मुलं गच्चीवर गेली. स्टीलचा पेला उभा ठेवला. सावली पेल्याच्या बुडाखाली गेली, बाहेर काही उरलं नाही. तशीच सगळी धावत खाली मागच्या पट्ट्यात आली. जाळीच्या कडेबाहेर भिंतीला लागून ऊन उभं होतं. जिथे डिसेंबरात मी शाल पांघरून पाणी घालते, तिथे.

जाळी आजपासून आडवी केली.

मध्यान्ह | १४ मे

हे वाचून किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. आता जुलैच्या शेवटी हाच दिवस पुन्हा येईल, पण बहुतेक ढगात.

शिंजीर | २० जून

पाऊस पडला. कुंती लावली का?

अंगणवेल | २७ जून

लावली. तीन. राडारोडा काढायला दोन माणसं दोन दिवस लागली, एकवीस पोती निघाली. ईडलिंबाला जागा नाही, पण आंब्याच्या बाजूला कढीपत्ता लावलाय. ठिपक्यांचा ड्रेसिना उरुळी कांचनच्या रस्त्यावर मिळाला, पान बघून घेतला, झुपक्यात आहे.

जाळी १५ तारखेला काढली. या वर्षी एकाही अरेलियाची कड गेलेली नाही, त्या एका आधी भाजलेल्याची सोडून, आणि त्यालाही खालून नवी पानं आलीत. पहिल्यांदाच मला जूनमध्ये पांढरी झालर पूर्ण दिसतेय, पानाच्या टोकापर्यंत.

अंगणवेल | ९ ऑगस्ट

खुरपं दादा, शेफ्लेराला आज हिरवी फांदी दिसली. मधल्या झाडाला, मागच्या बाजूने, भिंतीकडे तोंड करून. वीतभर झाली होती. खिडकीतून दिसत नव्हती, खाली वाकून पाला पसरताना दिसली. खोडालगत काढली. ती कुंडीत लावू का? टाकवत नाही.

खुरपं | ९ ऑगस्ट

लावा की. साध्या शेफ्लेराइतकी कणखर होईल, गडद सावलीच्या कोपऱ्यातही चालेल. फक्त दुरंगीच्या शेजारी नको, नाहीतर पुढच्या वर्षी ओळखता येणार नाही कोणती कुठून फुटली.

अंगणवेल | १० ऑगस्ट

जिन्याखाली ठेवली.

अरेलियाची थोडी छाटणी केली, बारा कटिंग्ज कोकोपीटमध्ये लावली आहेत, पेन्सिलएवढ्या जाड, दोन-दोन डोळे मातीत. नऊ धरलेली दिसतात. त्यातली दोन नवीमाळीणसाठी वेगळी ठेवली. बाकी सात पुण्यातल्या कोणाला हवी असतील तर इथेच सांगा, गणपतीच्या आत देता येतील. तुमच्या खिडकीखाली दुपारी ऊन कधी शिरतं ते मात्र आधी बघून ठेवा.

नवीमाळीण | १० ऑगस्ट

मी खडू आणलाय.